मास्तरांची गाठ

"हे सगळं विकून टाका," मास्तर म्हणाले आणि त्यांनी दोन रॉड, तीन रीलं आणि गळांची ती निळी पेटी माझ्यासमोर काउंटरवर ठेवली. "नाहीच कोणी घेतलं, तर देऊन टाका कुणाला तरी. पण परत माझ्या घरी नको."

सकाळचे साडेनऊ वाजले होते. माझा पहिला चहासुद्धा झाला नव्हता आणि पाय आदल्या दिवसापासून ठणकत होते. अशा वेळी कोणी नाटक सुरू केलं की माझं डोकंच फिरतं.

"मास्तर, सुनेशी वाजलं का?" मी विचारलं.

"नाही हो."

"मग डॉक्टरांनी पाण्याजवळ जायला बंदी केली?"

"नाही म्हटलं ना! तुम्ही ठेवून घेताय की दुसरीकडे जाऊ?"

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. पन्नास वर्षं त्यांनी लोकांचे कोट-पँट शिवले, चौसष्टाव्या वर्षी दुकान बंद केलं आणि त्याच आठवड्यात आमच्या दुकानाची पायरी चढले. आमचं दुकान तळ्याच्या रस्त्यावर आहे, गळाने मासे धरायच्या सामानाचं. मी इथे एकतीस वर्षं काउंटरमागे उभा आहे. गेली अकरा वर्षं मास्तर दर गुरुवारी पहाटे तळ्यावर जातात आणि येताना आमच्याकडे डोकावतात, मासा मिळो न मिळो. "गुरुवारसाठी मी बाकीचे सहा दिवस काढतो," असं एकदा म्हणाले होते, आणि ते हसण्यावारी म्हणाले नव्हते. आज शुक्रवार होता. गुरुवारी ते आलेच नव्हते.

"काय झालं ते तर सांगा," मी जरा नरमाईने म्हटलं.

"तो आला होता."

"कोण?"

"कोण म्हणजे? फाटक्या ओठाचा."

मग मात्र मी स्टूल ओढून बसलो. फाटक्या ओठाचा म्हणजे आमच्या तळ्यातला एक बास जातीचा मासा. हिरवट अंगाचा, हे एवढं तोंड असलेला, आणि वरचा ओठ कधीकाळी कुणाच्या तरी गळाने फाटलेला. गेली चार वर्षं मास्तर त्याच्या मागे होते. पाच-सहा जणांनी त्याला पाहिला होता, धरला कुणीच नव्हता. मास्तरांना तो खायचा नव्हता. काठाला आणायचा, गळ काढायचा, एकदा नीट बघायचा आणि सोडून द्यायचा, एवढंच.

"बुडालेल्या झाडांपाशी होता," मास्तर सांगू लागले. "आमिष पडलं, मी दोनदा हळूच ओढलं, आणि घेतलंन् त्याने. पहिली उडी मारली तेव्हा ओठ दिसला मला. रील करकर करत लाइन सोडत होतं, अगदी हवी तेवढीच, तुम्हीच लावून दिलेलं. दुसरी उडी मारली आणि मग…" त्यांनी मूठ उघडून दाखवली. "हाताला काहीच लागेना."

"अहो, मासे सुटतातच. सुटले नसते तर आमचं दुकान कधीच बंद पडलं असतं."

"मासा नाही सुटला. गाठ सुटली. माझी गाठ."

आता ते माझ्याकडे बघत नव्हते. "पन्नास वर्षांत माझ्या हातचं बटण पडलं म्हणून एक माणूस परत आला नाही. कोट विरले, पण बटण जागेवर. आणि आता हे बघा." त्यांनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले. ते थरथरत होते. "दोन महिने झाले, माझ्या बुटाची नाडी सून बांधते. मी म्हटलं, असू दे, नाडीचं काय एवढं. पण गळ त्याच्या तोंडात राहिला ना! माझ्या कच्च्या गाठीपायी एका जिवाच्या तोंडात लोखंड ठेवून मी घरी आलो. पुरे झालं. हात गेले माझे."

त्यांच्या नेहमीच्या रीलची तुटकी लाइन मी हातभर ओढून काढली आणि सवयीने टोक भिंगाखाली धरलं.

गळाची गाठ सुटली की लाइनचं, म्हणजे गळाच्या दोऱ्याचं, टोक पिळवटतं आणि डुकराच्या शेपटीसारखं गोल वळून बसतं. एकतीस वर्षांत मी अशी शेकडो टोकं पाहिली आहेत, त्यात चूक व्हायची नाही. आणि हे टोक सरळ होतं. चपटं, पांढुरकं, चरे पडलेलं. लाइन गाठीपासून चांगली लांब, मध्येच कुठेतरी तुटली होती. मी ती अंगठा आणि बोटाच्या चिमटीतून मागे ओढत नेली. गुळगुळीत लागली. मग तीच लाइन भिंगाखालून सरकवली तर वीतभर अंतरावर आणखी एक पांढरा ओरखडा, आणि त्याच्या पुढे अजून एक.

ही लाइन तीन आठवड्यांपूर्वी मीच भरली होती. रीलच्या बुडाला माझी चिठ्ठी होती: लाइनची ताकद दहा पाउंड, तारीख, आणि खाली माझी सही.

मास्तर दारापर्यंत पोचले होते. 'मास्तर, गाठ पक्की होती,' एवढे चार शब्द बोलायचे होते मला.

"ठेवून जा," मी म्हणालो. "गुरुवारी या, बघू."

ते मान हलवून पायऱ्या उतरले, कठड्याला धरून, एकेक.

---

आता माझ्या अंगठ्याबद्दल सांगायलाच हवं.

आमच्या दुकानात येणारा माणूस आधी रंग बघतो. मग रॉडचं टोक छताला टेकवून वाकवतो, कुणी शिकवलंय कुणास ठाऊक. मी तो हातातून काढून घेतो आणि विचारतो, काठावरून टाकणार की होडीतून? पाण्यात गवत आहे की मोकळं आहे? दिवसभर उभं राहायची ताकद आहे का? गवतातून बास ओढून काढायचा तर रॉड जाड हवा आणि लाइन विणलेली, जी ताणली तरी लांबत नाही. मोकळ्या पाण्यात हलका रॉड आणि साधी नायलॉनची लाइन पुरते, ती जरा ताण खाते आणि नवख्याची चूक पोटात घालते. नव्या माणसाला मी ते आडवं रील कधीच देत नाही. त्यात फिरकी गरगरत असताना अंगठ्याने आवरावी लागते, आणि अंगठा जरासा चुकला की लाइनचं असं घरटं होतं की सुट्टीचा दिवस ते सोडवण्यातच जातो. पण लोकांना तेच हवं असतं, कारण टीव्हीतल्या माणसाकडे तेच असतं. मी नाही म्हणतो. ते रुसतात. रुसू देत.

मास्तर पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांच्या हातात आठ-नऊ रॉड देऊन पाहिले. शेवटी साडेसहा फुटी, हलका, टोकाशीच वाकणारा त्यांच्या मनगटाला बसला. विणलेली लाइन दाखवली तर म्हणाले, "हा तर माझा शिलाईचाच दोरा झाला हो! जन्मभर हाच ओढला, आता नको." म्हणून नायलॉन. गाठ कशी मारायची ते दाखवायला लागलो तर माझ्याकडे बघतच राहिले. "तुम्ही मला गाठ शिकवताय?" आणि मी दाखवलेली ती दुहेरी गाठ त्यांनी एका हाताने मारून दाखवली. आमची मैत्री तिथपासूनची.

पण माझं खरं काम खिडकीपाशी होतं. तिथे लाइन भरायचं यंत्र आहे. मोठ्या रिळावरची लाइन चिनी मातीच्या एका गुळगुळीत कडीतून येते, मग ओल्या फडक्यातून जाते आणि गिऱ्हाइकाच्या रीलवर गुंडाळली जाते. फडकं आणि रील यांच्या मध्ये माझा अंगठा. लाइनवर केसाएवढा ओरखडा असला तरी अंगठ्याला कळायचा. मी यंत्र थांबवायचो, तेवढा तुकडा कापून टाकायचो आणि पुन्हा सुरुवात करायचो. मोठे मालक, म्हणजे आत्ताच्या मालकीणबाईंचे वडील, कंपनीच्या माणसाला अभिमानाने सांगायचे, "तुमचं मशीन काय तपासेल, आमचा हा अंगठा आहे." तेव्हापासून जुनी गिऱ्हाइकं मला अंगठेबहाद्दर म्हणतात. लिहिता-वाचता येत असूनही ही पदवी मिळालेला मी एकटाच असेन.

तो अंगठा गेल्या वर्षी मेला.

आधी टोकाला मुंग्या यायच्या. मग मुंग्या थांबल्या, मला वाटलं बरं झालं. एकदा संध्याकाळी मी गॅसवरचं भांडं उतरवत होतो, तर बायको ओरडली, "अहो, हात काढा! भाजतंय!" बघतो तर अंगठ्याला टचटचीत फोड. मला पत्ताच नाही. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळे नस गेली, आता परत यायची नाही, उरलेली जपा. मी विचारलं, किती दिवसांत बरं वाटेल? ते म्हणाले, मी आत्ता काय सांगितलं ते ऐकलंत का?

दुकानात मी कुणाला सांगितलं नाही. अंगठा तसाच लाइनवर ठेवायचो, मान तशीच जरा कलती, डोळे अर्धे मिटलेले. गिऱ्हाईक समोर उभं राहून कौतुकाने बघायचं. मध्येच एखाद्या वेळी मी यंत्र थांबवायचो, तुकडा कापायचो आणि "हं, आता ठीक," म्हणायचो. काही कळलं म्हणून नव्हे. थांबलो नाही तर संशय येईल म्हणून. याची मला लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

---

शनिवारी मी अर्धा तास आधी जाऊन दुकान उघडलं. मालकीणबाई यायच्या आत कापसाचा बोळा घेतला आणि यंत्राच्या कडीतून फिरवला. कापूस अडकला. दिव्यासमोर धरून पाहिलं, तर आतल्या बाजूला केसासारखी चीर. मग आठवलं, तीन-साडेतीन आठवड्यांपूर्वी खोकी हलवताना माझ्याच कोपराने यंत्र फरशीवर पाडलं होतं. दिसायला काही मोडलं नव्हतं, म्हणून उचलून जागेवर ठेवलं. पूर्वीचा अंगठा असता तर पहिल्याच रीलला ती चीर कळली असती.

मी गुपचूप नवी कडी बसवली. मग आठवून आठवून मोजलं. माझ्या सहीची चौदा रीलं बाहेर गेली होती.

पुढचे चार दिवस मी काय काय युक्त्या केल्या, ते सांगायला नको, पण सांगतो. एक जण गळ घ्यायला आला, त्याला म्हटलं, "आणा ते रील, लाइन बदलून देतो, नवा माल आलाय." तो खूश झाला. दुसऱ्यालाही असंच गाठलं. राहिले बारा, त्यांतला एक मास्तर. बाकीच्यांचं मी मनाशी म्हणत होतो, जास्तीत जास्त काय होईल, एखादा मासा जाईल. माणसं हळहळतील आणि विसरतील.

मास्तरांचं तसं नव्हतं. त्यांचे दोन रॉड मी मागच्या खोलीत उभे करून ठेवले होते. फडकं आणायला आत जावं तर ते समोर.

मंगळवारी जेवताना बायकोला सगळं सांगून टाकलं. ती माझ्या ताटात वाढत राहिली.

"मालकीणबाईंना सांगितलंत?" शेवटी तिने विचारलं.

"काय सांगू? अंगठा मेला म्हणून?"

"हो. तसंच सांगा."

"आणि मग मी तिथे काय करू?"

"उभे राहा. एकतीस वर्षं तेच तर करताय."

मला हसू आलं नाही. तिलाही नाही. "त्या मला खिडकीपाशी बसू देणार नाहीत गं," मी म्हणालो.

"नाही देणार," ती म्हणाली. "पण त्या म्हाताऱ्याचा गुरुवार काढून घेतलात तुम्ही. तो बसला असेल घरात स्वतःच्या हातांकडे बघत. तुमचं दुःख तुमच्याजवळ आहे, तुम्हाला ठाऊक तरी आहे ते काय आहे. त्या बिचाऱ्याला नसलेलंच दुःख दिलंत."

मी हात धुतले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. तिचं बरोबर असलं की मी तिथेच जाऊन बसतो.

---

गुरुवारी मास्तर आले ते तळ्यावरून नव्हे, सरळ घरून. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, आणि नाडी अशी सुरेख बांधलेली की ती दुसऱ्याची आहे हे लगेच कळावं.

"गेलं का कुणी घेऊन?" त्यांनी विचारलं.

मालकीणबाई पलीकडच्या टेबलाशी गळांची पाकिटं लावत होत्या. त्यांना मी त्या फ्रॉक घालायच्या तेव्हापासून ओळखतो. गिऱ्हाइकांसमोर मॅडम म्हणतो, एरवी तू.

"मास्तर," मी म्हटलं, "तुमची गाठ सुटलीच नव्हती. लाइन खराब होती. कंपनीचा मालच खराब आला होता."

हे मी रात्रभर तयार केलेलं वाक्य होतं. यात मास्तरांचे हात परत मिळत होते आणि माझा अंगठाही शाबूत राहत होता. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसले. फार थकलेलं हसू होतं ते.

"खराब माल? आणि तुमच्या अंगठ्याखालून गेला?" ते म्हणाले. "काय राव! मी म्हातारा झालोय, लहान झालो नाही अजून. एकतीस वर्षं ज्याच्या हातून धुळीचा कण सुटला नाही तो म्हणतोय की खराब माल गेला. तुम्ही भले माणूस आहात, पण अशी समजूत काढू नका माझी. कमीपणा वाटतो." आणि ते जायला वळले.

माझ्या अंगठ्यावर त्यांचा इतका विश्वास होता की त्यापुढे त्यांना स्वतःचे हात खोटे वाटत होते.

"थांबा," मी म्हणालो. बहुतेक जोरातच म्हणालो, कारण मालकीणबाईंनीही वर बघितलं.

आत जाऊन मी मास्तरांचं रील आणलं. त्यावरची दोन हात लाइन कापली, भिंगाखाली धरून ओरखडा कुठे आहे ते बघून ठेवलं आणि एक टोक खिळ्याला अडकवलं. "डोळे मिटा. चिमटीत धरून हळूहळू मागे या. कुठे अडलं तर सांगा."

"हा काय पोरखेळ—"

"माझ्यासाठी करा."

त्यांनी डोळे मिटले. हात लटपटत होता, लाइन चिमटीत धरायलाच त्यांना तीन वेळा प्रयत्न करावा लागला. पण एकदा धरल्यावर ते कापडाचा पोत बघतात तसं अंगठ्याने चाचपत मागे मागे आले. अर्ध्यावर थांबले. जरा पुढे गेले, परत मागे आले.

"इथे," ते म्हणाले. "इथे काहीतरी लागतंय. खरखरतंय."

मी भिंग धरलं. बरोबर तिथेच होता.

"आता मी," मी म्हटलं. लाइन चिमटीत धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत आलो. हात अजिबात हलला नाही माझा. "मला काहीच लागलं नाही, मास्तर. गेलं वर्षभर मला काही लागत नाही. अंगठा मेलाय माझा. कडी फुटली होती, मीच पाडली होती, आणि मला कळलं नाही. तुमची गाठ शेवटपर्यंत धरून होती. लाइन मध्येच तुटली."

पलीकडे पाकिटांचा आवाज थांबला होता.

मला वाटलं मास्तर माझ्या खांद्यावर हात ठेवतील. गोष्टीत तसं होतं. पण त्यांचा चेहरा लाल झाला.

"वर्षभर?" ते म्हणाले. "वर्षभर? आणि तुम्ही तिथे बसून मान कलती करून काय करत होता मग?"

"नाटक."

"आणि मी आठ दिवस या हातांना शिव्या देतोय! परवा माझी कात्री देऊन टाकली मी, ठाऊक आहे? पन्नास वर्षांची कात्री. भाची म्हणाली, राहू द्या मामा, तर मी म्हटलं, ने, आता हिला हात लावायची लायकी नाही माझी. ती काय आता परत मागू?"

"मागा."

"कशी मागू?"

"मी मागतो. मला पत्ता द्या."

ते खुर्चीवर बसले. मालकीणबाईंनी पाणी आणून दिलं, आधी त्यांना आणि मग मला. मी पेला दोन्ही हातांनी धरला, आता लपवायचं काय होतं.

"काका," त्या म्हणाल्या, "किती रीलं?"

"चौदा. दोन बदलली. बारा राहिलीत."

"मला का नाही सांगितलंत?"

मी म्हणालो, "तू मला खिडकीवरून उठवलं असतंस." गिऱ्हाईक समोर होतं, तरी मॅडम म्हणायचं राहूनच गेलं.

"हो," त्या म्हणाल्या. "उठवलं असतं."

त्यांनी फोन उचलला. मी आठवून आठवून माणसं सांगितली आणि त्या प्रत्येकाला तेच सांगत राहिल्या, की आमच्या हातून चूक झाली आहे, रील आणून द्या, लाइन बदलून देतो. आमच्या हातून, असंच म्हणाल्या प्रत्येक वेळी. एकाने पलीकडून विचारलं, अंगठेबहाद्दर झोपले होते का? त्या म्हणाल्या, "नाही, बरे नाहीत ते." तेवढं सोडलं तर त्या अर्ध्या तासात माझ्याबद्दल कोणी काही बोललं नाही. मास्तर पेला हातात धरून बसून राहिले, आणि जाताना नेहमीसारखं "येतो" म्हणाले नाहीत. रॉड मात्र घेऊन गेले. रील तेवढं ठेवलं.

दुपारी मालकीणबाईंनी माझं स्टूल खिडकीपासून उचललं आणि रॉडच्या मांडणीपाशी नेऊन ठेवलं. "लोकांना रॉड निवडून द्यायला तुमच्याइतकं कोण आहे, काका?" असं म्हणाल्या. खरंही होतं ते. मी त्या स्टुलावर बसलो. तिथून तळं दिसत नाही.

---

पुढच्या गुरुवारी सकाळी मास्तर आले तेव्हा मालकीणबाई यंत्राशी होत्या. कपाळाला आठ्या घालून, सावकाश, दर दहा हातांवर थांबून भिंगातून बघत त्या त्यांचंच रील भरत होत्या. मला जे काम पाच मिनिटांचं, त्याला त्यांना वीस लागत होती. पण बघत होत्या. भरून झाल्यावर बुडाला चिठ्ठी चिकटवली: दहा पाउंड, तारीख, आणि खाली त्यांची सही.

मास्तर माझ्याशी बोलले नाहीत. पिशवीतून कापडात गुंडाळलेली कात्री काढून एकदा दाखवली आणि परत ठेवली. भाचीने ती मी मागायला जायच्या आधीच आणून दिली होती, असं नंतर कळलं.

मग त्यांनी रॉड माझ्या स्टुलापाशी उभा केला, कड्यांतून लाइन ओवून घेतली आणि पेटीतून एक गळ काढला. चष्मा पुसला. दुहेरी गाठीचा पहिला वेढा गळाच्या नेढ्यातून तीनदा हुकला. दुकानात अजून दोन गिऱ्हाइकं होती, त्यांतल्या एकाने मदत करायला हात पुढे केला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तो मागे घेतला. चौथ्यांदा वेढा गेला. मास्तरांनी गाठ ओठांत धरून ओली केली, जसा सुईत ओवताना दोरा करत असतील, आणि हळूहळू आवळली. या सगळ्याला सात-आठ मिनिटं लागली असतील. कपाळावर घाम आला होता त्यांच्या.

"ओढा," ते म्हणाले. आठवडाभरात माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

"मी?"

"मग कोण? तुमच्यावाचून कुणाला कळतंय का, किती ओढायचं ते?"

गळ त्यांनी काउंटरच्या पितळी कडीला अडकवला आणि लाइन माझ्या हातात दिली. मी ती अंगठ्याला दोनदा गुंडाळली आणि पायावर भार देऊन ओढायला लागलो. आधी बेताने. मग जरा जास्त. गाठ जागची हलली नाही. मास्तर चष्म्याच्या वरून तिच्याकडे बघत होते, मालकीणबाई खिडकीपाशी उभ्या राहून बघत होत्या.

"अजून," मास्तर म्हणाले.

मी अजून ओढली.

"धरतेय?"

"धरतेय," मी म्हणालो. "पक्की आहे, मास्तर."

त्यांची नजर गाठीवरून माझ्या हाताकडे आली आणि त्यांनी घाईने माझं मनगट धरलं.

"सोडा आता," ते म्हणाले. "अहो, सोडा. कापलंय तुम्हाला."

मी खाली बघितलं. लाइन अंगठ्यात चांगली रुतली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंनी रक्त येत होतं. मास्तरांनी त्यांच्या त्या थरथरत्या बोटांनी एकेक वेढा सोडवला, खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला आणि माझ्या अंगठ्याला बांधून वर गाठ मारली.